मोसमच नसलेल्या वर्षी शिकलेले गुणलेखन

क्रिकेटच्या सामन्यांचे गुणलेखन, म्हणजे स्कोअरिंग, शिकावे असे मनात असलेल्या मुलामुलींचे फोन मला अधूनमधून येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा परीक्षेचा असतो. परीक्षेकडे मी येईनच. परंतु मी स्वतः हे काम ज्या वर्षी शिकले त्या वर्षी शिकण्यापुरतेही सामने होत नव्हते, आणि आज माझ्या हाताला असलेल्या बहुतेक सवयी त्याच रिकाम्या वर्षाने लावलेल्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

२०२० च्या मार्चमध्ये मी नागपुरात धंतोलीतल्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेब लिहिण्याचे काम करत होते आणि शनिवार-रविवारी क्लबच्या सामन्यांना एका ज्येष्ठ गुणलेखकांच्या शेजारी बसून शिकत होते. त्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू. माझी पेन्सिल चेंडू टप्पा पडायच्या आतच कागदावर टेकलेली पाहून ते दर सामन्याला एकदा तरी म्हणायचे, "काऊन घाई करून राहिली तू? आधी बॉल पाह्य, मग पंचाकडे पाह्य, मग लिव्ह." त्या आठवड्यात शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि शुक्रवारी, १३ तारखेला, माझ्या डोळ्यांदेखत अख्खा मोसम कोसळला.

त्या दिवशी सकाळी सिडनीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना रिकाम्या मैदानावर सुरू झाला. चेंडू प्रेक्षागृहात गेला की क्षेत्ररक्षकालाच खुर्च्यांच्या रांगा चढून तो आणावा लागत होता. ऑस्ट्रेलियाने ७ बाद २५८ धावा केल्या, न्यूझीलंडचा डाव १८७ धावांत आटोपला आणि मालिकेतले उरलेले सामने रद्द झाले. त्याच दिवशी राजकोटला सौराष्ट्र आणि बंगाल यांच्यातल्या रणजी अंतिम सामन्याचा पाचवा दिवस प्रेक्षकांविना खेळला गेला आणि पहिल्या डावातील आघाडीवर सौराष्ट्राने आपला पहिला करंडक जिंकला. इंग्लंडचा संघ श्रीलंकेचा दौरा अर्धवट सोडून निघाला, २९ मार्चला सुरू होणारी आयपीएल १५ एप्रिलपर्यंत पुढे गेली (ती प्रत्यक्षात १९ सप्टेंबरला, अमिरातीत सुरू झाली) आणि भारत-दक्षिण आफ्रिका मालिकेतले लखनौ व कोलकाता येथील सामने रद्द झाले.

याच मालिकेतला धरमशालाचा पहिला सामना आदल्या दिवशी पावसामुळे नाणेफेकीविनाच सोडून द्यावा लागला होता. संध्याकाळी सरांचा फोन आला. गप्पा मारण्याऐवजी त्यांनी विचारले, की धरमशालाचा सामना खेळाडूंच्या खात्यात धरायचा की नाही, आणि लखनौचा धरायचा की नाही. मी दोन्हींना 'नाही' म्हटले. उत्तर बरोबर होते, पण कारण मला सांगता आले नाही. नाणेफेक झाली की सामना सुरू झाला असे धरले जाते आणि त्यानंतर एकही चेंडू पडला नाही तरी संघातल्या खेळाडूंच्या नावावर तो एक सामना लागतो. धरमशालाला नाणेफेकच झाली नाही, आणि लखनौला तर कोणी मैदानातही उतरले नाही. पहिला सामना 'सोडून दिलेला' आणि दुसरा 'रद्द झालेला' असा भेद नोंदीत राहतो. नवख्यांना हे शब्दांचे खेळ वाटतात. पण न झालेल्या गोष्टींचीही नीट नोंद करावी लागते हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळले आणि पुढचे वर्षभर न झालेल्या गोष्टीच अधिक होत्या.

आता मूळ कामाविषयी. सामन्याला दोन गुणलेखक असतात, एकेका संघाचा एकेक, आणि नियमांनुसार त्यांनी वरचेवर एकमेकांशी पडताळा घ्यायचा असतो, तसेच पंचांच्या प्रत्येक खुणेला हात वर करून किंवा दिवा लावून स्वतंत्र पोच द्यायची असते. आपल्या एकट्याच्या कागदाचा पडताळा म्हणजे टॅली: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा, गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाइज, लेगबाइज (बॅटला न लागता किंवा अंगाला लागून मिळालेल्या धावा) व दंडाच्या धावा, आणि कागदावर ओळीने छापलेल्या आकड्यांतला एकेक आकडा खोडत आणलेली एकूण धावसंख्या, या तिन्ही वाटांनी आपण एकाच आकड्यावर पोहोचलो पाहिजे. चेंडूंचाही असाच मेळ असतो. फलंदाजांनी खेळलेल्या चेंडूंची बेरीज ही टाकलेले वैध चेंडू अधिक नोबॉल एवढी भरायला हवी, कारण नोबॉल फलंदाजाच्या खात्यात मोजला जातो आणि वाइड मोजला जात नाही. मी हिशेबाच्या कामातून आलेली असल्यामुळे हे मला पहिल्याच आठवड्यात जमले, आणि आपली टॅली जुळते म्हणजे आपला कागद बरोबर आहे असा माझा समज झाला.

तो समज फेब्रुवारीतच, रेशीमबागेच्या मैदानावरील एका सामन्यात उतरला होता. एक चेंडू नोबॉल ठरला, पॅडला लागून मागे गेला आणि फलंदाजांनी दोन धावा पळून काढल्या. मी तिन्ही धावा नोबॉलच्या रकान्यात टाकून गोलंदाजाच्या नावावर मांडल्या. शेजारच्या गुणलेखकांनी एक नोबॉल आणि दोन लेगबाइज अशी नोंद केली. एकूण धावा दोघांच्याही सारख्याच आल्या, अवांतर धावांची बेरीज सारखीच आली आणि दोघांचीही टॅली आपापल्या कागदावर चोख जुळली. डाव संपल्यावर मात्र त्या गोलंदाजाच्या धावा माझ्याकडे ३४ आणि त्यांच्याकडे ३२ निघाल्या, आणि दोन धावांचा तो फरक शोधण्यात मध्यंतरातली वीस मिनिटे व माझे पोहे, दोन्ही गेले. मी ज्या जुन्या पुस्तिकेवरून शिकले होते ती १ ऑक्टोबर २०१७ ला लागू झालेल्या नियमावलीच्या आधीची होती; पूर्वी अशा धावा नोबॉलमध्येच जमा होत, आता त्या बाइज किंवा लेगबाइज म्हणून वेगळ्या दाखवायच्या असतात. माझ्या कागदात गणिताची चूक नव्हतीच, समज चुकीची होती, आणि तसली चूक शेजारी दुसरा माणूस असल्याखेरीज सापडत नाही.

महामारीने नेमका तो शेजारचा माणूसच उचलून नेला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, मैदाने बंद झाली, मी ज्या स्थानिक परीक्षेची तयारी करत होते ती पुढे गेली. त्या काळात वाहिन्यांवर जुने सामने पुन्हा दाखवत असत आणि मी ते पाहून कागद भरायला लागले. पण जुन्या सामन्यांत मधली षटके कापलेली असतात, शिवाय निकाल ठाऊक असला की डोळा आळशी होतो. सरांनी माझी गाठ अमरावतीच्या एका मुलीशी घालून दिली, तीही माझ्यासारखीच शिकाऊ होती. आम्ही ठरवले की जगात कुठेही पहिला आंतरराष्ट्रीय सामना सुरू होईल तो दोघींनी आपापल्या घरी पूर्ण लिहायचा आणि प्रत्येक षटकानंतर फोनवर पडताळा घ्यायचा.

तो सामना सिडनीनंतर ११७ दिवसांनी, ८ जुलैला साउदम्प्टनला सुरू झाला, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडिज पहिली कसोटी. आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला खेळ सुरू व्हायचा होता. मी कागद आखून, चार रंगांच्या पेनांना टोपणे काढून बसले आणि पावसाने तीन तास बसवून ठेवले. अखेर त्या दिवशी जेमतेम १७.४ षटके, म्हणजे सतरा षटके आणि चार चेंडू, झाली आणि इंग्लंडच्या १ बाद ३५ धावा लागल्या. गॅब्रिएलने सिबलीचा शून्यावर त्रिफळा उडवला होता. ऐकायला हा नीरस दिवस आहे. शिकणाऱ्याला मात्र त्यातले अपुरे अठरावे षटकच सगळ्यांत मोलाचे ठरते, कारण दुसऱ्या दिवशी उरलेले दोन चेंडू त्याच चौकटीत लिहायचे असतात आणि नवख्या माणसाचा हात हमखास नव्या चौकटीकडे जातो. माझा गेला. अमरावतीहून लगेच विचारणा झाली की तुझ्याकडे एक षटक जास्त कसे.

या पद्धतीतली एक अडचण आम्हाला आधी सुचलीच नव्हती. तिच्याकडे दूरचित्रवाणी होती आणि मी मोबाइलवर पाहत होते, त्यामुळे माझे चित्र काही सेकंद मागे असायचे; गोलंदाज माझ्याकडे धावत येत असतानाच फोनमधून तिच्या वडिलांचा "गेला!" असा आवाज ऐकू यायचा. शेवटी चेंडू चालू असताना फोन बंद ठेवायचा आणि षटक संपल्यावर एक मिनिटाने लावायचा असा नियम करावा लागला. त्या एका मिनिटाने आम्हाला शिस्त लावली. एकमेकींचे ऐकून लिहिण्याची सोयच उरली नाही, आधी आपले पूर्ण लिहून मोकळे व्हायचे आणि मगच दुसरीला विचारायचे. शेजारी बसून शिकणारी पुष्कळ मुले दुसऱ्याच्या कागदाकडे पाहून लिहितात, आणि मग पडताळा हा पडताळा राहतच नाही.

वेस्ट इंडिजच्या होल्डरने ४२ धावांत ६ बळी घेतले तो डाव, ब्लॅकवूडच्या ९५ धावा आणि अखेर ४ गडी राखून वेस्ट इंडिजचा विजय, हे सगळे माझ्या वहीत आहे. माझ्या दृष्टीने त्या उन्हाळ्यातला अधिक मोठा धडा दुसऱ्या कसोटीत, १९ जुलैला, ओल्ड ट्रॅफर्डवर मिळाला. जूनमध्ये आयसीसीने अंतरिम नियम केले होते: चेंडूला लाळ लावायची नाही, एका डावात संघाला दोन वेळा समज द्यायची आणि त्यानंतर प्रतिस्पर्ध्याला ५ धावा बहाल करायच्या. सिबलीने सवयीने चेंडूला लाळ लावली, संघानेच ते पंचांना कळवले आणि पंचांनी चेंडू जंतुनाशकाने पुसून घेतला. समालोचक त्यावर हसत होते. मी मात्र श्वास रोखून पंचांच्या खांद्याकडे पाहत होते. पंचाने एक हात विरुद्ध खांद्यावर पुनःपुन्हा थोपटला तर ५ धावा फलंदाजी करणाऱ्या संघाला मिळतात, आणि हात खांद्यावर नुसता ठेवला तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला. पहिल्या प्रकारात त्या चालू डावाच्या अवांतर धावांत दंड म्हणून जातात, ना फलंदाजाच्या खात्यात ना गोलंदाजाच्या. दुसऱ्या प्रकारात मात्र क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या नुकत्याच पूर्ण झालेल्या डावात, आणि तसा डाव झालेलाच नसेल तर त्यांच्या पुढच्या डावात धराव्या लागतात, म्हणजे आधी बंद केलेला कागद पुन्हा उघडावा लागतो. त्या दिवशी नुसती समज मिळाली आणि कोणी खांद्याला हात लावला नाही. तरीही मी आणि माझी मैत्रीण त्या रात्री दोन्ही प्रकार खोट्या आकड्यांवर तीन-तीन वेळा लिहून पाहिले. क्लबच्या पातळीवर ही खूण वर्षानुवर्षे दिसत नाही, आणि दिसते तेव्हा दोन्ही संघांचे लोक गुणलेखकाच्या टेबलाभोवती जमलेले असतात.

त्याच अंतरिम नियमांनी कसोटीत कोरोनाची लक्षणे दिसलेल्या खेळाडूच्या जागी त्याच प्रकारचा बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली. प्रथम श्रेणीच्या सामन्यात तशी पहिली बदली ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूझीलंडला झाली, ऑकलंडच्या मार्क चॅपमनच्या जागी बेन लिस्टर आला. अकरा नावांच्या छापील तक्त्यात बारावे नाव कुठे बसवायचे, हा प्रश्न कोणत्याही पुस्तिकेत सोडवलेला नव्हता.

हिवाळा आला, आणि नागपूरकरांना खरे जाणवले ते तेव्हा. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकलेला, त्यातला दुसरा नागपूरजवळच्या जामठ्याच्याच मैदानावर, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून. आणि १९३४-३५ पासून महायुद्धातही न थांबलेली ही स्पर्धा २०२०-२१ मध्ये झालीच नाही. जानेवारी ते मार्चदरम्यान मुश्ताक अली आणि विजय हजारे या छोट्या स्पर्धा मोजक्या शहरांत, सर्वांना एकत्र कोंडून झाल्या आणि त्या शहरांत नागपूर नव्हते. मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला इंग्लंडविरुद्धचे तीन एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना झाले, तर त्याच महिन्याच्या १५ ते २१ तारखांना नागपूर शहर पुन्हा टाळेबंदीत होते. आमची वही मात्र चालू होती. मेलबर्नच्या कसोटीत २८ डिसेंबर २०२० ला आपल्या खापरखेड्याच्या उमेश यादवला पोटरीच्या दुखापतीने षटक अर्धवट टाकून मैदान सोडावे लागले, त्याच्यापुढे ३.३ षटके लिहिली गेली आणि उरलेले तीन चेंडू दुसऱ्या गोलंदाजाच्या ओळीत गेले. वाईट वाटत असतानाही हात बरोबर चौकटीत गेला, हे लिहिताना थोडे अपराधी वाटते.

परीक्षेबद्दल थोडक्यात सांगते. राज्य संघटना आपल्या पातळीवर परीक्षा घेतात आणि त्यापुढे बीसीसीआयची परीक्षा असते; जाहिरात नियमित निघेल असे धरून चालू नका, संघटनेच्या कार्यालयात अधूनमधून चौकशी करत राहा. नियमांचे पुस्तक चालू आवृत्तीचेच घ्या, हे मी कोणत्या अनुभवावरून म्हणते ते वर आलेच आहे. संगणकावर नोंद करायला शिकाच, वरच्या पातळीवर त्यावाचून चालत नाही. परंतु कागद सोडू नका, कारण संगणक बेरीज चुकत नाही पण चुकीच्या कळेवर बोट पडले तर तीच चूक चोख बेरजेसह दाखवतो. क्लबच्या लीग सामन्यांना कोणी न बोलावताही जाऊन मागे बसता येते. बसण्याआधी गुणलेखकांची परवानगी घ्या आणि षटक चालू असताना त्यांच्याशी एक शब्दही बोलू नका.

पैशांचा विषय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. हे काम दिवसाच्या मानधनावर चालते, सामना नसेल तर मानधन नाही. बीसीसीआयने न झालेल्या २०२०-२१ च्या मोसमासाठी खेळाडूंना भरपाई म्हणून सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के रक्कम पुढे जाहीर केली. आमच्यासारख्या स्थानिक पातळीवरच्या शिकाऊंचा त्यात प्रश्नच नव्हता. निर्बंध सैल झाल्यावर मी एका खासगी स्पर्धेचे काम घेतले होते, ती रुग्णसंख्या वाढताच पाचव्या दिवशी बंद पडली आणि स्पर्धा पूर्ण झाली नाही म्हणून पैसेही देता येत नाहीत, असे आयोजकांनी मला चहा पाजून सांगितले. मी दिवसाचा दर तोंडी ठरवला होता आणि स्पर्धा मध्येच थांबली तर काय, हे विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी दोन ओळींचा निरोप तरी लेखी घेते, दर दिवसाचा असेल आणि त्या दिवशी नाणेफेक झाली की तो लागू होईल, असा. धरमशालाचा धडा असा उपयोगी पडला. आणि दुसरे, चालू नोकरी सोडून या कामात येऊ नका. माझे त्या वर्षीचे घरभाडे कर सल्लागाराच्या कार्यालयाने भागवले, गुणलेखनाने नव्हे.

त्या वर्षातला आणखी एक निर्णय मला गुणलेखकाच्या नजरेने फार आवडला होता. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेतल्या कित्येक मालिका होऊच शकल्या नाहीत, तेव्हा आयसीसीने नोव्हेंबर २०२० मध्ये संघांची क्रमवारी एकूण गुणांऐवजी, खेळलेल्या सामन्यांत मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती टक्के मिळाले यावर लावायचे ठरवले. त्यावर बरीच टीका झाली. पण न खेळलेल्या सामन्याचे शून्य गुण लिहिणे ही नोंद खोटी ठरली असती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. आपल्या तक्त्यातसुद्धा फलंदाजीला न आलेल्या खेळाडूपुढे शून्य कधीच लिहीत नाहीत.

जामठ्यावर १० नोव्हेंबर २०१९ ला बांगलादेशाविरुद्ध दीपक चहरने ७ धावांत ६ बळी घेतले, त्यानंतरचा पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना तिथे थेट २३ सप्टेंबर २०२२ ला झाला. तोपर्यंत मी परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि लीगचे सामने लिहीत होते. या सामन्याला मात्र तिकीट काढून प्रेक्षक म्हणून गेले, आणि अमरावतीची माझी मैत्रीण बसने आली. दोन वर्षे फोनवर टॅली जुळवलेल्या आम्ही दोघी त्या दिवशी पहिल्यांदा शेजारी बसलो. मैदान ओले होते, पंच पुनःपुन्हा येऊन पाहणी करून जात होते आणि आम्ही गुडघ्यावरच्या वह्यांत षटके कमी झाली तर पॉवरप्ले (क्षेत्ररक्षणावर निर्बंध असलेली सुरुवातीची षटके) किती आणि एका गोलंदाजाला किती षटके मिळतील याचे तक्ते आखून ठेवत होतो. रात्री साडेनऊला आठ-आठ षटकांचा सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाने ५ बाद ९० केल्या, रोहित शर्मा २० चेंडूंत ४६ धावांवर नाबाद राहिला आणि शेवटच्या षटकात ९ हव्या असताना दिनेश कार्तिकने पहिल्या दोन चेंडूंवर षटकार व चौकार मारला. आजूबाजूचे सगळे उभे राहून ओरडत होते. आम्ही खाली बसूनच शेवटची चौकट भरली, सवयीप्रमाणे एक मिनिट एकमेकींच्या वहीकडे पाहिले नाही, आणि मग तिने विचारले, "किती?" मी म्हटले, "४ बाद ९२, ७.२." तिने मान हलवली आणि गोलंदाजांची बेरीज करायला घेतली. वर्धा रोडवर गाड्यांची रांग लागलेली होती, त्यामुळे तशी घाई नव्हतीच.